शरद संपात आणि कोजागिरी: एक सूर्याचा, दुसरी चंद्राची

सप्टेंबरची बावीस-तेवीस तारीख आली की पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज ठरलेला असतो: ‘आज शरद संपात, दिवस-रात्र समान, शरद ऋतूच्या हार्दिक शुभेच्छा!’ खाली पौर्णिमेच्या चंद्राचा फोटो. मग कुणीतरी विचारतंच, “म्हणजे गच्चीवर दूध आज का?” प्रश्न भाबडा असला तरी रास्त आहे. शरद संपात आणि शरद पौर्णिमा, म्हणजे आपली कोजागिरी, दोन्ही एकाच ऋतूतल्या, थोड्या दिवसांच्या फरकाने येणाऱ्या, आणि हल्ली दोन्हीच्या निमित्ताने गाण्याचे कार्यक्रम ठरतात. घोटाळा केलाय तो त्या फोटोने. संपाताशी चंद्राचा काडीचा संबंध नाही.

संपात सूर्याचा. वर्षभर सूर्य ताऱ्यांमधून ज्या वाटेने सरकताना दिसतो तिला क्रांतिवृत्त म्हणतात. पृथ्वीचं विषुववृत्त तसंच ताणत आकाशापर्यंत नेलं तर ते या वाटेला दोन ठिकाणी छेदतं. मार्चमध्ये सूर्य त्यातल्या एका बिंदूवरून उत्तरेकडे जातो, तो वसंत संपात; सप्टेंबरमध्ये दुसऱ्यावरून दक्षिणेकडे उतरतो, तो शरद संपात. काटेकोरपणे बोलायचं तर हा अख्खा दिवस नसून एक क्षण आहे. २०२४ मध्ये तो २२ सप्टेंबरला संध्याकाळी ६ वाजून १४ मिनिटांनी आला, २०२५ मध्ये २२ तारखेलाच रात्री ११ वाजून ४९ मिनिटांनी, आणि २०२६ मध्ये २३ सप्टेंबरला पहाटे ५ वाजून ३५ मिनिटांनी येतो. दरवर्षी पावणेसहा तासांच्या आसपास पुढे सरकायचं आणि लीप वर्ष आलं की मागे यायचं, एवढाच त्याचा खेळ. म्हणून तारीख २२-२३ च्या पलीकडे फारशी हलत नाही.

कोजागिरी म्हणजे आश्विन पौर्णिमा, त्यातही मध्यरात्री पौर्णिमा असेल ती रात्र. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, त्यामुळे ती दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते आणि अधिक महिना पडला की उडी मारून पुढे जाते. २०२३ मध्ये २८ ऑक्टोबर (आणि त्या रात्री खंडग्रास चंद्रग्रहण, त्यामुळे दूध कधी प्यायचं यावर घरोघरी चर्चासत्र), २०२४ मध्ये १६ ऑक्टोबर, २०२५ मध्ये ६ ऑक्टोबर. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ, त्यामुळे थेट २५ ऑक्टोबर.

उलट बाजूने पाहिलं तर गंमत आणखी कळते. संपाताची तारीख पक्की, पण आपल्या तिथींमध्ये तो कुठेही सापडतो. २०२३ मध्ये तो गौरी विसर्जनाच्या दिवशी आला, २०२४ मध्ये पितृपक्षात, २०२५ मध्ये घटस्थापनेच्याच दिवशी. २०२६ मध्ये अनंत चतुर्दशीला दोन दिवस उरलेले असताना येईल. बहुतेकांच्या घरी संपाताची दखल का घेतली जात नाही, याचं कारण मला यातच दिसतं. जो पाहुणा दरवर्षी वेगळ्याच सणाच्या गर्दीत येतो, त्याला कोण विचारणार? सरकारी कॅलेंडरने मात्र त्याला मान दिला. शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत वर्ष वसंत संपाताला धरून सुरू होतं आणि १ आश्विन कायम २३ सप्टेंबरला येतो. ती दिनदर्शिका आकाशवाणीच्या निवेदनापलीकडे फारशी कुणी वापरत नाही, ही गोष्ट वेगळी.

आता मेसेजमधली उरलेली दोन वाक्यं. ‘दिवस-रात्र समान’ हे जवळपास खरं, पूर्ण नव्हे. सूर्योदय आपण सूर्याची वरची कड दिसली की धरतो, मध्यबिंदू नव्हे. आणि हवेतून प्रकाश वाकत असल्याने क्षितिजाखालचा सूर्यही आपल्याला वर आल्यासारखा दिसतो. दोन्ही मिळून पुण्यात त्या दिवशी दिवस रात्रीच्या बाजूची काही मिनिटं खातो आणि साधारण बारा तास सात मिनिटांचा होतो. पुढे तो रोज मिनिटभराने आखडतो, त्यामुळे खरी बरोबरी होते ती महिनाअखेरीस.

‘शरद ऋतू सुरू’ हे तर आयात केलेलं वाक्य आहे. युरोप-अमेरिकेत ऋतू संपातापासून मोजतात. आपल्या जुन्या सौर हिशेबात उत्तरायणाबरोबर, म्हणजे २१-२२ डिसेंबरला (संक्रांतीला नव्हे), शिशिर लागतो आणि दर दोन महिन्यांनी ऋतू बदलतो, म्हणजे २२-२३ सप्टेंबरला शरद मध्यावर आलेला असतो. चांद्र हिशेबात आश्विन-कार्तिक म्हणजे शरद, आणि तो कधी अलीकडे तर कधी पलीकडे सुरू होतो. पुण्याच्या हवेला विचाराल तर तिचं तिसरंच मत. संपाताला इथे अजून पाऊस असतो, सूर्य उत्तरा नक्षत्रात असतो, आणि ‘पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा’ असं म्हणत मावळातला भातवाला आभाळाकडे बघत असतो. आकाश निवळतं ते ऑक्टोबरात, कोजागिरीच्या बेताला.

ढगांनी कृपा केली तर संपाताचा दिवस गच्चीवर डोळ्यांनी पाहता येतो, आणि हे करून बघण्यासारखं आहे. एक मीटरची काठी ओळंब्याने उभी करा. सकाळी नऊपासून दर अर्ध्या तासाने सावलीच्या टोकावर खडूने खूण करा. एरवी या खुणा जोडल्या तर वक्र रेघ येते. संपाताच्या दिवशी ती सरळ येते, नेमकी पूर्व-पश्चिम. पुण्यात माध्यान्ह साडेबाराच्या दोन-तीन मिनिटं आधी होते आणि तेव्हा सावली सुमारे ३३ सेंटिमीटर असते, कारण पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. म्हणजे काठी, खडू आणि मोजपट्टी एवढ्यावर आपल्या शहराचा अक्षांश निघतो! सूर्य थेट डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते त्या शून्य सावली दिवसाला मे महिन्यात गर्दी करणारे पुणेकर या दिवशी मात्र घरी बसतात. १९४४ पासून आकाशदर्शनाचा वसा घेतलेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या शहरात हे शोभत नाही. संध्याकाळी सूर्य ठीक पश्चिमेला मावळतो. प्रभात रोडकडून बघणाऱ्यांना तो पश्चिमेच्या किंचित डावीकडे जाताना दिसेल, पण दोष सूर्याचा नाही. मध्ये वेताळ टेकडी आहे, आणि आपल्याकडे सूर्य तिरका, उजवीकडे झुकत उतरतो. क्षितिजाला टेकायच्या आधीच टेकडी त्याला गिळते.

आणि गाणं. खरा फरक इथे ऐकू येतो, आणि कार्यक्रम ठरवणाऱ्यांची गल्लतही इथेच होते. कोजागिरी मध्यरात्रीची आहे. लक्ष्मी कोण जागं आहे ते बघत फिरते ती तेव्हा, आणि केशर-वेलची-जायफळ घातलेल्या आटीव दुधात चंद्र दिसायचा तोही डोक्यावर आल्यावर. त्यामुळे रात्रीच्या रागांपैकी बागेश्रीने सुरुवात, मग मालकंस, दरबारी हा क्रम तिथे आपोआप जमतो. मालकंसातला कोमल निषाद शुद्ध केला की चंद्रकंस. एका स्वराने राग कसा दुखरा होतो हे रात्री बारा वाजता, आजूबाजूच्या गाड्या थांबल्यावर ऐकावं. दहानंतर लाउडस्पीकर बंद, ही त्या मैफलीला अडचण वाटते. मला तो फायदा वाटतो. तानपुरा, तबला, आवाज, बास.

संपाताला हे राग आणून बसवणं मला पटत नाही. तो सांधा आहे, सूर्य उत्तर गोलार्धातून दक्षिणेत पाऊल टाकतो तो. सांध्यासाठी आपल्या संगीतात वेगळी जागा आहेच: संधिप्रकाश राग. कोमल रिषभ आणि शुद्ध गंधार ही त्यांची खूण. दिवस कोणत्या टोकाला आहे ते मध्यम हा स्वर सांगतो: सकाळच्या भैरवात तो शुद्ध, संध्याकाळच्या मारवा-पूरियात तीव्र. मारव्यात पंचम वर्ज्य, म्हणून तानपुऱ्याची पहिली तार निषादावर लावतात, आणि गवई षड्जावर यायचं लांबवत रिषभ-धैवतावरच घुटमळतो. घर समोर दिसतंय पण दारात पाऊल नाही. मावळतीला हे ऐकताना जी हुरहुर लागते, तीच संपाताची म्हणावी. आणखी एक जुळणी. दिवसाचे चार आणि रात्रीचे चार प्रहर उन्हाळ्या-हिवाळ्यात लहानमोठे होतात. पुण्यात दिवसाचा प्रहर जूनमध्ये सव्वातीन तासांच्या थोडा पुढे जातो, डिसेंबरात पावणेतीनवर येतो. आठही प्रहर जवळजवळ सारखे, तीन-तीन तासांचे, असे वर्षातून दोनदाच होतात. रागसमयाचं गणित ज्यांना हौसेने करायचंय त्यांनी ते याच दिवशी करावं.

लोकांतलं, घरातलं गाणं हवं असेल तर लांब जायला नको. हादगा आहे. तो मुळात सूर्याचाच: सूर्य हस्त नक्षत्रात शिरला की पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा, सोळा दिवस गाणी म्हणायची आणि शेवटी डबा हलवून आवाजावरून खिरापत ओळखायची. पुण्यात त्याचा भोंडला झाला, नवरात्राला चिकटला, म्हणजे सूर्याकडून चंद्राकडे गेला, आणि आता बऱ्याच सोसायट्यांत एका रविवारच्या संध्याकाळी उरकतो. हस्तप्रवेश हल्ली २७ सप्टेंबरच्या आसपास, संपातानंतर चार-पाच दिवसांनी. नक्षत्रं आणि संपात यांच्यातलं अंतर ७२ वर्षांत एका अंशाने, म्हणजे सुमारे एका दिवसाने वाढतं. आजच्या प्रचलित चित्रापक्षाच्या, म्हणजे चित्रा तारा धरून नक्षत्रं मोजण्याच्या, गणिताने मागे गेलं, तर थोरले बाजीराव पेशवेपदावर आले त्या १७२० च्या सुमारास हस्तप्रवेश आणि संपात एकाच दिवशी पडत होते. तेव्हाच्या पुण्यात हादग्याचा पहिला फेर संपाताच्याच दिवशी धरला गेला असेल, असं म्हणायला गणिताची तरी हरकत नाही.

२०२६ चा बेत करणाऱ्यांसाठी: संपात २३ सप्टेंबरला सूर्योदयाच्या पाऊण तास आधी आहे. संध्याकाळी गणपतीच्या मांडवांचे स्पीकर असतील, तिथे मारव्याला जागा नाही. पण राग-रागिणीच्या जुन्या वाटणीत सहा ऋतूंना सहा राग दिलेले आहेत, आणि त्यात शरदाच्या वाट्याला भैरव येतो. साडेपाचला तानपुरे जुळवून तयार ठेवा, चहा नंतर. दुधाचा निरोप २५ ऑक्टोबरचा द्या.