फुटबॉलमधील शिस्तनिर्णय व राजकीय हस्तक्षेप

मैदानावरील गैरवर्तनाबद्दल खेळाडू, प्रशिक्षक किंवा संघावर होणारी कारवाई रोखणे, सौम्य करणे, लांबवणे, क्वचित वाढवणे, यासाठी शासन, लोकप्रतिनिधी किंवा पक्ष यांनी आणलेला दबाव. सदस्य संघटनेने आपला कारभार त्रयस्थाच्या प्रभावाविना चालवावा, या फीफाच्या (जागतिक फुटबॉल महासंघाच्या) घटनेतील सर्वसाधारण तरतुदीत हा प्रकार मोडतो. हस्तक्षेपात संघटनेचा दोष नसला, तरीही तिच्यावर कारवाई होऊ शकते.

फीफाच्या शिस्तसंहितेनुसार खेळातील घटनेविषयी पंचाचा निर्णय अंतिम असतो. लाल कार्ड मिळालेला खेळाडू पुढच्या सामन्याला आपोआप मुकतो. त्यापुढची शिक्षा शिस्त समिती ठरवते. प्रतिस्पर्ध्याला मारहाण केल्यास किमान ३ सामने, पंचावर हात टाकल्यास किमान १५ सामने किंवा योग्य तो काळ. मात्र शिक्षा अंशतः स्थगित ठेवण्याचा अधिकारही समितीला आहे आणि वादाला खरी जागा तिथेच सापडते. नोव्हेंबर २०२५ मध्ये आयर्लंडविरुद्ध कोपर मारल्याबद्दल क्रिस्तियानो रोनाल्डो यांच्यावर ३ सामन्यांची बंदी आली. त्यांतील २ सामने वर्षभराच्या परिवीक्षेवर (त्या काळात पुन्हा तसे गैरवर्तन झाल्यास भोगायचे, या अटीवर) स्थगित राहिले, त्यामुळे विश्वचषकाचे दार उघडे राहिले. त्याच सुमारास ते विश्वचषकाच्या यजमानांपैकी एक असलेल्या अमेरिकेच्या व्हाइट हाउसमधील भोजनाला उपस्थित होते, म्हणून शंका घेतली गेली. शंका म्हणजे पुरावा नव्हे. सवलतीची तरतूद संहितेतच आहे.

सर्वाधिक चर्चिलेले उदाहरण १९६२ च्या विश्वचषकातील ब्राझीलचे खेळाडू गारिंचा यांचे. १३ जून रोजी सांतियागो येथे चिलीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात त्यांना बाहेर काढण्यात आले. १७ जूनच्या अंतिम सामन्यात ते खेळले आणि ब्राझीलने चेकोस्लोव्हाकियाला ३–१ असे हरवले. एका मतानुसार ब्राझीलचे पंतप्रधान तांक्रेदो नेव्हेस यांची तार आणि पेरूच्या सरकारमार्फत पेरूचेच असलेले पंच आर्तुरो यामासाकी यांच्यावर आणलेले वजन निर्णायक ठरले. दुसरे मत असे, की लाथ मारल्याचे मुख्यतः रेषापंचाने पाहिले होते. तो सुनावणीला हजर राहिला नाही आणि समितीपुढे ठोस साक्षच उरली नाही. रेषापंच का आला नाही, याच्या कथा अनेक असून त्यांतील काही बऱ्याच उशिरा लिहिल्या गेल्या. दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते: बाहेर काढलेल्या खेळाडूला पुढचा सामना आपोआप नाकारण्याचा नियम तेव्हा नव्हता, आणि साक्षीविना शिक्षा देणे समितीला अवघडच होते. राजकीय तारा आल्या असतील, पण त्यांना वाट दिली ती प्रक्रियेतल्या पोकळीने. (लाल-पिवळी कार्डे विश्वचषकात १९७० पासून.) उलट, २०१४ मध्ये चावा घेतल्याबद्दल लुइस सुआरेझ यांना ९ सामने व ४ महिन्यांची बंदी झाली, तेव्हा उरुग्वेचे राष्ट्राध्यक्ष होसे मुहिका यांनी उघड आगपाखड केली. क्रीडा लवादाने (खेळांतील वाद निवडणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायपीठाने) बंदी कायम ठेवली. मात्र ४ महिन्यांची बंदी अधिकृत सामन्यांपुरती ठेवून सरावाची मुभा दिली.

भारतात ऑगस्ट २०२२ मध्ये फीफाने अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला त्रयस्थाच्या प्रभावाच्या कारणावरून निलंबित केले आणि साधारण दहा-अकरा दिवसांत निलंबन उठवले. कारण शिस्तनिर्णयाचे नव्हते, न्यायालयनियुक्त प्रशासक समितीचे होते. तरीही बाहेरचा हात कुठपर्यंत चालतो याचे देशातले मोजमाप त्यावरून केले जाते.

खानदेशात (जळगाव, धुळे, नंदुरबार) प्रश्नाचे स्वरूप वेगळे आहे. संघटनेच्या स्पर्धा जिल्हा संघटना व वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन (महाराष्ट्राची राज्य संघटना) यांच्या साखळीत येतात. शालेय स्पर्धा मात्र जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय, म्हणजे शासनच, तालुका–जिल्हा–विभाग या क्रमाने भरवते. तिथे शासनाचा हस्तक्षेप हा शब्दप्रयोगच लागू पडत नाही. आयोजक तेच आणि आक्षेपही त्यांच्याकडेच. तिसरा प्रकार आमदार चषक, नगरसेवक चषक अशा खुल्या स्पर्धांचा. मैदानाची परवानगी, दिवे, बक्षिसे, पंचांचे मानधन हे सारे आयोजकाच्या हातून येते, आणि शिस्त समितीत बऱ्याचदा आयोजकाचीच माणसे बसतात. ‘भाऊंचा फोन आला’ हे वाक्य येथे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

दबाव प्रत्यक्षात समितीपेक्षा पंचाच्या अहवालावर येतो, कारण अहवाल लिहिला गेला की तो बदलणे कठीण. चांगल्या अहवालात मिनिट, जर्सी क्रमांक, खेळाडूचे नाव, चेंडू खेळात होता का, कोणत्या हाताने वा पायाने, पंच किती अंतरावर होता आणि पुढे काय झाले, एवढे असते. शिवीगाळ असल्यास शब्द जसेच्या तसे. चेंडूसाठी झटापट असेल तर तो गंभीर फाउल. चेंडू दूर असताना ठोसा मारला तर हिंसक वर्तन. दुसऱ्या प्रकाराची शिक्षा मोठी. म्हणून सामना संपताच तंबूत पंचाला चहा पाजत ‘गैरवर्तन केले’ एवढेच लिहायला सांगितले जाते. मग समितीपुढे किमान ३ सामन्यांच्या कलमासाठी आधारच राहत नाही आणि खेळाडू एका सामन्यावर सुटतो. फोनवरून कोणाला काही सांगावे लागत नाही, कागदच बोलत नाही.

दुसरी पळवाट वेळापत्रकाची. शनिवारी उपांत्य, रविवारी अंतिम. समितीची बैठक सोमवारी. स्थानिक नियमपत्रिकेत आपोआप निलंबनाचे कलम नसेल, तर खेळाडू अंतिम सामना खेळून जातो. तिसरी, जर्सी बदलण्याची: यादी सामन्यापूर्वी ओळखपत्रांसह ताडून सही घेतली नसेल, तर ‘तो मी नव्हेच’ म्हणायला जागा राहते, आणि चुकीची ओळख हीच पंचाच्या निर्णयाला शिस्त समितीकडून धक्का लागण्याची मोजकी सबब आहे. विरोधी गटाच्या संघावर शिक्षा वाढवण्याचे प्रकारही होतात. ते कमी बोलले जातात.

संघटनेत दोन गट असतील तर गुंता आणखी वाढतो. जिल्हा संघटना सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असल्यास कार्यकारिणीतील बदल ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयास कळवावा लागतो. हा कळवण्याचा ‘बदल अहवाल’ वादात अडकला की दोन्ही गट आपापली शिस्त समिती नेमतात, आणि एकीने बंदी घातलेला खेळाडू दुसरीच्या स्पर्धेत उतरतो.

फीफाच्या पातळीवर अपिलाचा इरादा निर्णयाची कारणमीमांसा मिळाल्यापासून ३ दिवसांत कळवावा लागतो व अपिलाची कारणे त्यानंतर ५ दिवसांत द्यावी लागतात. क्रीडा लवादासाठी मुदत २१ दिवसांची. खुल्या स्पर्धांत अपिलाची तरतूद नियमपत्रिकेत लिहिलेली असेल तेवढीच.