सागरी बर्फातील सूक्ष्मशैवाल

ध्रुवीय समुद्रांच्या गोठलेल्या थरात राहणारे एकपेशीय, प्रकाशसंश्लेषण करणारे जीव. आर्क्टिक महासागर आणि अंटार्क्टिकाभोवतीचा दक्षिणी महासागर ही त्यांची मुख्य वस्तिस्थाने. पर्वतांवरील हिम लाल करणारी शैवाले निराळी; ती या नोंदीत येत नाहीत.

समुद्राचे पाणी सुमारे –१.८° से. तापमानाला गोठते. मीठ बर्फाच्या स्फटिकात सामावत नाही. बरेचसे खाली समुद्रात उतरते, उरलेले तीव्र खाऱ्या पाण्याच्या रूपात स्फटिकांमधल्या बारीक नळ्यांत अडकते. त्यामुळे सागरी बर्फ आतून घावनासारखा जाळीदार असतो आणि शैवालांचा सारा संसार या जाळीतच चालतो. बर्फ जितका थंड, तितक्या नळ्या अरुंद आणि पाणी खारट : –१०° से.ला त्याची क्षारता समुद्राच्या सुमारे चौपट होते. साधारणपणे –५° से.च्या खाली नळ्या एकमेकींपासून तुटतात आणि पाण्याची ये-जा जवळजवळ थांबते. म्हणून दाटी होते ती तळाशी. तिथे तापमान समुद्राइतकेच असते आणि नायट्रेट, सिलिकेट या पोषकद्रव्यांचा पुरवठा खालून होत राहतो. आर्क्टिकमध्ये वसंतात गिरमिटाने बर्फाचा दंडगोल कापून काढला, तर दीड मीटरपर्यंत तो पांढराच दिसतो. शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर तेवढे तपकिरी. हा रंग फ्यूकोझँथिन या रंगद्रव्याचा.

अंटार्क्टिकात चित्र बदलते. तिथे हिमाच्या ओझ्याने बर्फ दबतो, समुद्राचे पाणी वर चढते आणि शैवाल पृष्ठभागाजवळही माजते. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी रॉस यांच्या अंटार्क्टिक मोहिमेत (१८३९–४३) पाहिलेला तपकिरी बर्फ अशाच डायटमांनी (करंडक वनस्पतींनी, म्हणजे सिलिकेच्या कवचाच्या एकपेशीय शैवालांनी) रंगलेला होता.

आर्क्टिक बर्फातून एकपेशीय दृश्यकेंद्रकी (पेशीत स्पष्ट केंद्रक असलेल्या) जीवांचे हजाराहून अधिक प्रकार नोंदले गेले आहेत. त्यांत वरचष्मा डायटमांचा, त्यातही लांबट आकाराच्या. नित्शिया फ्रिजिडा ही आर्क्टिकची खास जाती, तर फ्रॅजिलॅरिऑप्सिस सिलिंड्रस दोन्ही ध्रुवांवर आढळते. शिवाय कशाभिकाधारी (चाबकासारख्या धाग्याने पोहणारे) फिओसिस्टिस, पोलरेला ही द्विकशाभिक (असे दोन धागे असलेली) आणि काही हरित शैवालेही असतात. हे जीव पृष्ठभागावरच्या प्रकाशाच्या एक टक्क्याहून कमी उजेडातही तग धरतात. पेशीबाहेर बुळबुळीत शर्करायुक्त पदार्थ सोडणे, बर्फाच्या स्फटिकांची वाढ रोखणारी प्रथिने बनवणे, क्षारतेचा ताण सोसायला प्रोलीन हे अमिनो आम्ल साठवणे ही त्यांची हत्यारे. फ्रॅजिलॅरिऑप्सिस सिलिंड्रसचा जीनोम २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या जवळपास चतुर्थांश भागात एकाच जनुकाच्या दोन प्रती एकमेकींपासून बऱ्याच वेगळ्या आहेत आणि परिस्थितीनुसार कधी एक, कधी दुसरी जास्त कामाला लागते.

समुद्रात प्रकाशसंश्लेषणातून होणाऱ्या वार्षिक उत्पादनात या शैवालांचा वाटा बहुतेक ठिकाणी लहानच. मध्य आर्क्टिकमध्ये मात्र काही मोजमापांत तो निम्म्याहून अधिक भरला आहे. खरे महत्त्व वेळेचे. खुल्या पाण्यातले प्लवक (तरंगणारी सूक्ष्म शैवाले) फुलण्याआधी कित्येक आठवडे हे अन्न तयार असते. कॅलेनस ग्लेसिॲलिस या कोपेपॉडची (चिमुकल्या कवचधारी प्राण्याची) मादी त्यावर पोसून अंडी घालते आणि पिल्ले मोठी होईपर्यंत पाण्यातला बहर येतो. अंटार्क्टिक क्रिलच्या (कोळंबीसारख्या लहान प्राण्याच्या) अळ्या हिवाळ्यात बर्फाच्या तळाशी चरतात. बर्फ पातळ झाल्याने उजेड वाढून शैवाल वाढेल, असे सरसकट सांगितले जाते. पण बर्फ लवकर वितळला तर हे वेळापत्रकच मोडते, आणि ते नुकसान केवळ उत्पादनाच्या आकड्यात दिसत नाही.

मेलोसिरा आर्क्टिका या डायटम जातीच्या साखळ्या बर्फाखाली मीटरभर किंवा त्याहून लांब लोंबतात. २०१२ मध्ये आर्क्टिक बर्फाचे क्षेत्र विक्रमी घटले, तेव्हा ‘पोलारस्टर्न’ या जर्मन संशोधन जहाजाला मध्य आर्क्टिकमध्ये सुमारे ४,००० मीटर खोल तळावर तिचे पुंजके पडलेले आढळले. समुद्रकाकड्या (तळावर राहणारे काकडीच्या आकाराचे प्राणी) ते खात होत्या.

शैवाल मेल्यावरही माग ठेवते. आर्क्टिकमधील हॅस्लीयासारखे काही डायटम आयपी-२५ नावाचा पंचवीस कार्बनांचा रेणू बनवतात. गाळातला हा रेणू मोजून प्राचीन बर्फाचा अंदाज बांधता येतो. मात्र तो गाळात नसला, तर तिथे बर्फच नव्हता, की उजेड न शिरण्याइतका जाड बारमाही बर्फ होता, हे त्यावरून ठरत नाही. म्हणून खुल्या पाण्यातल्या शैवालांचे रेणूही सोबत तपासावे लागतात. अंटार्क्टिकात आयपी-२५ चालत नाही. तिथे बर्केलिया ॲडेलिएन्सिस हा डायटम बनवतो त्या, आयपी-२५शी मिळत्याजुळत्या रेणूवर भिस्त असते.