रणगाड्याच्या प्रतिकृतीची चाके: काळा रंग नेमका कुठे?

रणगाड्यांच्या प्रतिकृती बनवणाऱ्यांमध्ये एक समज वर्षानुवर्षे चालत आला आहे: प्रत्येक चाकाची कड रबराची असते, म्हणून ती गडद काळी रंगवावी. यातील दोन्ही विधाने अपुरी आहेत.

१९४२ मध्ये रबराच्या टंचाईमुळे अनेक सोव्हिएत टी-३४ रणगाड्यांना पोलादी कडेची चाके बसवली गेली, आणि १९४४ च्या सुरुवातीपासून जर्मन टायगर-१ लाही तशीच चाके आली. त्यांत रबर होते, पण ते आतल्या बाजूस, पोलादी भागांमध्ये दडलेले. अशा चाकाची कड काळी केली, तर ती सरळसरळ चूक ठरते. म्हणून ब्रश हाती घेण्याआधी त्याच काळातील छायाचित्रे पाहावीत.

जिथे रबर खरोखर बाहेर असते, तिथेही निव्वळ काळा रंग खटकतो. धूळ, ऊन आणि घर्षण यांमुळे रबर करडे पडते, शिवाय १:३५ च्या (मूळच्या पस्तिसाव्या भागाएवढ्या) प्रतिकृतीत शुद्ध काळा रंग कडेवरचे सगळे बारकावे गिळून टाकतो. त्यात करडा आणि किंचित तपकिरी मिसळावा.

सर्वाधिक दुर्लक्षित जागा म्हणजे जोडचाकांच्या, म्हणजे शेजारी-शेजारी बसवलेल्या दोन चाकांच्या, एकमेकांकडील आतल्या बाजू. चाकांभोवती फिरणाऱ्या पट्ट्यावरचे मार्गदर्शक दाते (पट्टा जागेवर ठेवणारे उंचवटे) तिथे सतत घासतात, रंग निघून जातो आणि धातू उघडा पडतो. पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटाने त्या कडेवर हलकेच घासली, की ती झीज हुबेहूब उमटते. पोलादी कडेच्या चाकांना हीच चकाकी पट्ट्यावर टेकणाऱ्या भागावरही द्यावी.