सेरेनगेटी : दोन स्थलांतरांची पार्श्वभूमी

मारा नदी ओलांडणारे कळप पाहायला आपल्याकडचे लोक जुलै ते ऑक्टोबरमध्ये जातात, आणि जातात ते बहुधा केनियात. कळपांचे बरेचसे वर्ष मात्र सीमेपलीकडे, टांझानियातल्या सेरेनगेटीत सरते. विल्डबीस्ट (गायीएवढी मोठी कुरंगे), झेब्रे आणि गॅझेल यांचे पावसामागे फिरणे फार जुने आहे. आज दिसते तेवढी त्यांची संख्या मात्र जुनी नाही.

१८९०च्या सुमारास बुळकांडी हा गुरांचा साथीचा रोग पूर्व आफ्रिकेत शिरला. त्याने मसाई या गुराखी लोकांची खिल्लारे जवळजवळ संपवली. पाठोपाठ दुष्काळ आला, देवी आल्या. रानातले विल्डबीस्ट आणि म्हशीही मेल्या. चरायला गुरे उरली नाहीत तिथे झुडपे माजली, झुडपांबरोबर निद्रारोग पसरवणारी त्सेत्से माशी आली आणि माशीमुळे माणसे आणखी लांब गेली. नंतर आलेल्या युरोपीय शिकाऱ्यांनी ही ओसाडी पाहिली आणि तिलाच माणसाचा पाय न लागलेले रान मानले. पुढच्या बऱ्याच निर्णयांच्या तळाशी हा गैरसमज आहे. १९५० आणि ६०च्या दशकांत भोवतालच्या गुरांना लस टोचली गेली, तसा रानातला रोगही ओसरला. १९६१ मध्ये २.५ लाखांच्या घरात असलेले विल्डबीस्ट १९७७ पर्यंत १३ लाखांवर गेले. म्हणजे नदीकाठच्या त्या दृश्यात गुरांना टोचलेल्या लशीचाही वाटा आहे, आणि तो सांगितला गेला पाहिजे.

सिंहांबद्दलचा एक समजही दुरुस्त करायला हवा. बहुतेक सिंह कळपांमागे जात नाहीत. सिंहांचा गट आपला मुलूख धरून राहतो. विल्डबीस्ट आले की त्यांची सुगी, गेले की रानडुकरे आणि म्हशींवर गुजराण. छावे उपासमारीने मरतात ते याच रिकाम्या महिन्यांत.

खरा गुंता ‘स्थलांतर’ या शब्दात आहे. कळप पावसामागे जातात तेही मराठीत स्थलांतर आणि हुकमाने गाव उठवले जाते तेही स्थलांतर. सेरेनगेटीत ही दोन्ही एकाच जमिनीवर घडली, पण नाव झाले ते पहिल्याचे.

१९५१ मध्ये ब्रिटिश अमलात राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले तेव्हा न्गोरोंगोरोचा डोंगराळ भाग त्यातच होता, आणि मसाईही तिथे राहत होते. पाचेक वर्षांत सरकारने उद्यानाचे तुकडे पाडण्याचा प्रस्ताव आणला. त्यावर परदेशातले निसर्गप्रेमी खवळले आणि चौकशी समिती बसली. १९५८ मध्ये १२ मसाई वडीलधाऱ्यांनी सेरेनगेटीवरचा हक्क सोडत असल्याचे एका इंग्रजी कागदावर लिहून दिले. १९५९ मध्ये वाटणी झाली. पश्चिमेला माणसांविना राष्ट्रीय उद्यान राहिले. पूर्वेला न्गोरोंगोरोचे ८,२९२ चौरस किलोमीटरचे ‘संरक्षण क्षेत्र’ झाले. तिथे माणसे, गुरे आणि वन्यप्राणी एकत्र राहायचे होते. त्याच वर्षी गव्हर्नरांनी मसाई परिषदेला शब्द दिला : माणूस आणि वन्यप्राणी यांच्या हितात झगडा आलाच, तर माणसाचे हित वर राहील.

या वाटणीशिवाय सेरेनगेटी वाचले नसते, असे तिचे समर्थक म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण ती हद्द कळपांच्या वाटेला धरूनही आखलेली नव्हती. त्याच सुमारास विमानातून मोजणी झाली. तेव्हा विल्डबीस्ट वर्षातला काही काळ नव्या हद्दीबाहेर काढतात असे दिसले. फेब्रुवारीत लाखो पिले जन्मतात ते न्दुतूच्या आसपासचे आखूड गवताचे मैदान आजही बरेचसे उद्यानाबाहेर, संरक्षण क्षेत्रात आहे. ज्वालामुखीच्या राखेने तिथले गवत सकस झाले आहे. तरीही विणीच्या दिवसांत मसाई आपली गुरे तिथून काढून उंचावर नेतात, कारण नवजात पिलांकडून गुरांना जीवघेणा ताप लागतो. त्यांची ही रीत उद्यानाच्या कायद्याहून जुनी आहे.

दिलेला शब्द मात्र टिकला नाही. १९७०च्या दशकात न्गोरोंगोरो विवराच्या तळातल्या कुटुंबांना बाहेर काढले. १९७५ मध्ये संरक्षण क्षेत्रात शेतीवर बंदी आली, १९९२ मध्ये ती उठली, २००९ मध्ये पुन्हा लागली. १९५९ मध्ये इथे ८ हजारांच्या आसपास माणसे होती, २०१७ पर्यंत ती ९० हजारांपुढे गेली. सरकारची बाजू याच आकड्यांवर उभी आहे आणि आकडे खरे आहेत. पण चराईची जमीन दर पिढीत किती आक्रसली, हे त्यांच्याशेजारी ठेवल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

केनियाची गोष्ट थोडी वेगळी. १९७७ मध्ये तिथे शिकार बंद झाली. त्याच वर्षी टांझानियाने दोन देशांतली सीमा बंद केली. ती १९८३ मध्ये उघडली, पण सेरेनगेटीतून थेट केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात जाणारी वाट पर्यटकांना बंदच राहिली. सफारीचे दोन वेगळे बाजार उभे राहिले ते तेव्हापासून.

२०१० मध्ये उत्तर सेरेनगेटीतून ५३ किलोमीटरचा महामार्ग नेण्याचा बेत जाहीर झाला. जगभरातून विरोध झाला आणि २०१४ मध्ये पूर्व आफ्रिकेच्या न्यायालयाने डांबरी रस्त्याला मनाई केली. कळपांची वाट वाचली. माणसांच्या बाजूने एवढा आवाज उठला नाही. जून २०२२ मध्ये सेरेनगेटीला लागून असलेल्या लोलिओंडोत १,५०० चौरस किलोमीटरभोवती हद्दीचे खांब रोवले गेले. तिथल्या चकमकीत एक पोलीस मारला गेला, अनेक मसाई जखमी झाले आणि कित्येक सीमा ओलांडून केनियात गेले. त्याच काळात न्गोरोंगोरोतली कुटुंबे दूर टांगा प्रांतातल्या म्सोमेराला हलवायला सुरुवात झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारी यादीतून उडवलेली आपली गावे परत मिळावीत म्हणून हजारो मसाईंनी सेरेनगेटीकडे जाणारा पर्यटकांचा रस्ता अडवला, आणि न्यायालयाने गावे यादीतून उडवण्याच्या आदेशाला स्थगिती दिली. वर्षअखेरीस दोन आयोग नेमण्याचे जाहीर झाले. एक जमिनीच्या वादासाठी, दुसरा म्सोमेराच्या कामाची तपासणी करण्यासाठी. त्या कामाला सरकारी कागदांत ‘ऐच्छिक स्थलांतर’ म्हणतात.