हिब्रू सृष्टिकथांमधला देव

बायबलचं पहिलं पुस्तक उत्पत्ती, हिब्रूत म्हणजे ज्यूंच्या जुन्या भाषेत बेरेशीत, आणि त्यात जग कसं झालं याच्या एक नाही तर दोन गोष्टी लागोपाठ आहेत. भराभर वाचलं तर सलग वाटतात, पण दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या ओळीत सांधा आहे आणि त्याच्या अलीकडचा देव आणि पलीकडचा देव वागायला खूप वेगळे आहेत. 1753 मध्ये ज्याँ आस्त्रुक नावाच्या फ्रेंच डॉक्टरने देवाची दोन वेगळी नावं पकडून हे धागे सोडवून दाखवले, तिथून हा अभ्यास खरा सुरू झाला.

पहिल्या कथेत नाव आहे एलोहीम. शब्दाचं रूप अनेकवचनी पण क्रियापद एकवचनी (आपण मराठीत आदराने अनेकवचन वापरतो तेव्हा क्रियापदही बदलतं, इथे तसं होत नाही). अंधार, खोल पाणी, त्यावर घिरट्या घालणारा देवाचा रुआख, म्हणजे वारा पण आणि श्वास पण, आणि मग देव फक्त बोलतो, उजेड होवो, की उजेड होतो. शेजारच्या बाबिलोनच्या एनुमा एलिश कथेत मार्दुक देव समुद्रदेवी तियामतला लढाईत मारतो, तिचं शरीर चिरतो आणि एका भागाचं आकाश करतो. हिब्रूतला खोल पाण्याचा शब्द तेहोम हा तियामतच्याच नात्यातला, पण इथलं पाणी लढत नाही, नुसतं ऐकतं. सूर्य चंद्र तर चौथ्या दिवशी येतात आणि त्यांची नावंसुद्धा घेतलेली नाहीत, मोठा दिवा आणि छोटा दिवा एवढंच, कारण आजूबाजूचे लोक त्यांना देव मानायचे असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. आणि देवाची प्रतिमा कोण, तर आजूबाजूच्या देशांत राजाला तसं म्हणायचे, इथे पुरुष आणि स्त्री दोघांनाही म्हटलंय, ही मला या कथेतली सगळ्यात धाडसी ओळ वाटते.

दुसऱ्या कथेतला देव, याहवे एलोहीम, हात मातीत घालतो. यात्सार हे क्रियापद मडकी घडवणाऱ्या कुंभाराचं, अदामा म्हणजे जमीन आणि तिच्यातून आदाम, मग नाकात फुंकर. तो बाग लावतो, मग त्याच्या लक्षात येतं की माणूस एकटा आहे हे काही बरं नाही, म्हणून जनावरं घडवून एकेक त्याच्यापुढे आणतो आणि हा काय नाव ठेवतो ते बघत राहतो, म्हणजे पुढे काय होणार ते बघायची उत्सुकता देवालाच आहे. त्यातलं कोणीच जोडीला जुळत नाही, तेव्हा बरगडीपासून बाई. संध्याकाळच्या वाऱ्यात तो बागेत फिरतो, कुठे आहेस रे म्हणून हाक मारतो, शिक्षा सुनावतो, आणि बाहेर काढायच्या आधी दोघांना स्वतः चामड्याचे कपडे करून अंगावर घालतो. रागावलेला देव कपडे शिवतोय, हे चित्र विसरता येत नाही.

लढणारा देव मात्र हिब्रूतून गेलेला नाही, तो बायबलमधल्या गीतांमध्ये, म्हणजे स्तोत्रांमध्ये आहे. स्तोत्र 74 मध्ये तो लेव्याथान या सागरी राक्षसाची डोकी ठेचतो, तर स्तोत्र 104 मध्ये तोच लेव्याथान समुद्रात खेळायला म्हणून निर्माण केलेला.

राहिला सातवा दिवस. एनुमा एलिशमध्ये माणूस घडवला जातो तो देवांच्या वाटचे कष्ट करायला, देवांना आराम मिळावा म्हणून. इथे देव स्वतः काम थांबवतो, आणि बायबलच्या निर्गम या पुस्तकातल्या दहा आज्ञांमध्ये हीच सातव्या दिवसाची, म्हणजे शनिवारची सुट्टी गुलामांना, परक्यांना, गुराढोरांनाही दिलेली आहे, कारण म्हणून याच सृष्टिकथेचा दाखला दिलाय. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे तिथले ज्यू लोक, तेलाचा धंदा करायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणायचे.