800 हर्ट्झखालचा आवाज जातो कुठे?

घरी बनवलेला माइक पहिल्यांदा जोडला की आवाज येतो खरा, पण पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. मग माइकमधली थरथर पकडणारी चकती बदलली जाते, वायर बदलली जाते, आवाज तसाच राहतो. चकती बहुतेक वेळा ठणठणीत असते. चूक असते ती तिला पुढे कशाला जोडलंय त्यात.

सुरुवातीला पिएझो चकतीच घ्यावी. बझरमध्ये असते तीच, 27 मिलिमीटर व्यासाची पितळी चकती आणि तिच्यावर 20 मिलिमीटरचा पांढरट सिरॅमिकचा थर. दाब पडला की काही स्फटिकांत विद्युतभार तयार होतो, हे जाक आणि पिएर क्युरी या भावांनी 1880 मध्ये दाखवलं. ही चकती हवेतला आवाज फारसा ऐकत नाही. लाकूड, पत्रा, तारवाद्याची पट्टी यांची थरथर मात्र ती थेट पकडते.

आता मुख्य मुद्दा. विजेच्या दृष्टीने ही चकती म्हणजे साधारण 20 नॅनोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा घटक. तिच्यापुढे रेकॉर्डरचा इनपुट रेझिस्टन्स आला की दोघांचा मिळून एक फिल्टर तयार होतो आणि ठरावीक मर्यादेखालचे स्वर गळतात. ही मर्यादा म्हणजे 1 भागिले (2 × पाय × रेझिस्टन्स × कपॅसिटन्स). 10 किलोओहमच्या इनपुटला ती सुमारे 800 हर्ट्झ येते. गिटारची सर्वांत जाड तार 82 हर्ट्झला वाजते. तिच्या मूळ स्वराचा जेमतेम दहावा हिस्सा पुढे पोचतो. पत्र्याचा आवाज येतो तो इथून. तोच इनपुट 1 मेगाओहम केला की मर्यादा 8 हर्ट्झवर उतरते आणि चकती तीच असूनही खर्ज भरभरून ऐकू येतो. इक्वलायझरने खर्ज वाढवून हे साधत नाही, कारण त्याबरोबर खरखरही तितकीच वाढते.

म्हणून मध्ये एक बफर हवा, म्हणजे पुढच्या यंत्राचा भार चकतीवर पडू न देणारं छोटं सर्किट. 2एन5457 हा जेफेट घ्या. हा एक प्रकारचा ट्रान्झिस्टर; गेट, ड्रेन आणि सोर्स हे त्याचे तीन पाय. चकतीची गरम (सिग्नल नेणारी) तार गेटला, गेटपासून ग्राउंडपर्यंत 3.3 मेगाओहम, ड्रेन 9 व्होल्ट बॅटरीच्या धन टोकाला, सोर्सपासून ग्राउंडपर्यंत 4.7 किलोओहम. आउटपुट सोर्सवरून 1 मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून घ्यायचा. याने आवाज मोठा होत नाही, पण पुढच्या 10 किलोओहमचा भार चकतीवर पडत नाही. चकतीवर जोरात टकटक केली तर काही दशक व्होल्टचा झटका येऊ शकतो, त्यामुळे गेट आणि ग्राउंडमध्ये 9.1 व्होल्टचे दोन झेनर डायोड (ठरावीक व्होल्टेजपलीकडचा झटका अडवणारे) पाठीला पाठ लावून टाकणं शहाणपणाचं. चकती ते बफर ही तार 10–15 सेंटिमीटरच ठेवा. लांब तार हलली तरी तिची खसखस रेकॉर्डिंगमध्ये येते.

सोल्डरिंगमध्ये सिरॅमिकची बाजू नाजूक. तिच्यावर चांदीचा अतिशय पातळ थर असतो आणि सोल्डरिंग आयर्न रेंगाळलं की तो वितळलेल्या कथिलात विरघळून निघून येतो. वायरच्या टोकाला आधी कथिल चढवून घ्या, मग टोक थरावर टेकवून एका सेकंदात काम उरका. जास्त तापलं तर सिरॅमिकची ध्रुवीयताही कमी होते. चकती चालते, पण आवाज दबका येतो. पितळ मात्र उष्णता शोषतं, तिथे थोडा जास्त वेळ द्यावा लागतो.

चिकटवताना फोमची दुहेरी टेप टाळा, ती वरचे स्वर खाते. मधमाशीच्या मेणाचा किंवा सुपरग्लूचा पातळ थर चांगला. मेण नंतर काढताही येतं.

बोलणं रेकॉर्ड करायचं असेल तर इलेक्ट्रेट कॅप्सूल घ्या. कायमचा विद्युतभार साठवलेला पातळ पडदा वापरून गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी बेल लॅब्जमध्ये 1962 मध्ये हा माइक बनवला. वरची अडचण इथे आणखी तीव्र असते, कारण पडद्याचा कपॅसिटन्स काही पिकोफॅरडच असतो. त्यामुळे बफरचा ट्रान्झिस्टर कारखान्यातच कॅप्सूलच्या डबीत बसवलेला असतो. आपल्याला फक्त त्याला वीज द्यायची: 3 व्होल्टचा सीआर2032 सेल, त्याच्या धन टोकापासून 2.2 किलोओहममधून कॅप्सूलच्या धन पॅडला, आणि त्याच पॅडवरून 1 मायक्रोफॅरडमधून आउटपुट. ज्या पॅडपासून डबीच्या कडेपर्यंत तांब्याच्या रेषा जातात, तो ग्राउंड. कॅप्सूल 0.3 मिलिअँपिअर घेत असेल तर सेल सुमारे 700 तास पुरतो. रेकॉर्डरच्या माइक जॅकमधूनच 2–5 व्होल्ट येत असतील तर यातलं काहीच लागत नाही, दोन तारा सरळ जॅकला जोडायच्या. मिक्सरसारख्या यंत्रातून माइकच्या तारेवर येणारा 48 व्होल्टचा फँटम पुरवठा मात्र थेट देऊ नका. बहुतेक कॅप्सूल 10 व्होल्टपलीकडे टिकत नाहीत.

एकाच दिशेचा आवाज घेणाऱ्या कॅप्सूलला पाठीमागे छिद्रं असतात. नळीत बसवताना गोंदाने ती बुजली, तर माइक सगळ्या दिशांचं ऐकू लागतो.

गुणगुण आली तर आधी बोट वापरा. चकतीच्या पितळी पाठीला स्पर्श केल्यावर गुणगुण वाढली, तर तारा उलट जोडल्या आहेत: पितळ ग्राउंडला आणि सिरॅमिक गरम तारेला हवं. स्पर्शाने गुणगुण कमी झाली, तर आवरण अपुरं आहे. सिरॅमिकवर इन्सुलेशन टेप, तिच्यावर तांब्याची टेप आणि ती पितळाला सोल्डर करा. इलेक्ट्रेट गप्पच असेल तर त्याच्या दोन पॅडमधलं व्होल्टेज मोजा. 2 व्होल्टच्या आसपास दिसलं तर वीजजोडणी ठीक आहे, आउटपुटच्या बाजूला शोधा. पूर्ण 3 व्होल्ट म्हणजे कॅप्सूलमधून विद्युतप्रवाह जातच नाही, बिघाड कॅप्सूलच्या आत आहे. शून्य आलं तर सेल तपासा, तो चांगला असेल तर कुठे तार सुटली आहे का किंवा दोन पॅडमध्ये कथिलाचा पूल झाला आहे का ते भिंगातून पाहा.