धनुष्यावरचा आकडा तुमच्या ओढीचा नसतो

‘धनुष्यावर 30 पौंड लिहिलंय, म्हणजे बाणही 30 पौंडांना चालणारेच घ्या,’ हा सल्ला नवशिक्यांना वर्षानुवर्षं दिला जातो. ज्याची ओढ, म्हणजे दोरी मागे खेचण्याचं अंतर, आखूड आहे, त्याच्यासाठी तो चुकीचा आहे.

तो आकडा 28 इंचांच्या ओढीला मोजलेला असतो. रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या, धनुष्यात ओढ एक इंचाने घटली की साधारण 2 पौंड कमी होतात. म्हणजे 24 इंच ओढणाऱ्याच्या बोटांवर 22 पौंडांच्या आसपासच भार येतो. 30 पौंडांचा बाण एवढ्या कमी भाराला ताठ पडतो, त्यात तो आखूड कापला की आणखी ताठ वागतो. उजव्या हाताच्या तिरंदाजाचे असे ताठ बाण डावीकडे जातात, आणि शिकणारा बिचारा महिनोन्महिने स्वतःच्या हाताला दोष देत राहतो. दोष हाताचा नसतो! जास्त लवचीक बाण घ्या. कार्बन बाणावर स्पाइनचा, म्हणजे बाण किती वाकतो त्याचा, आकडा जितका मोठा, तितका बाण लवचीक.

कमी पडलेले पौंड भरून काढायला जास्त पौंडांचं धनुष्य मात्र घेऊ नका, आधी ढब नीट बसू द्या.

आणि बाण ओढीइतकाच कापू नका. पूर्ण ओढल्यावर टोक रेस्टच्या, म्हणजे धनुष्यावर बाण टेकतो त्या आधाराच्या, पुढे दोनेक इंच राहायलाच हवं. रेस्टवरून मागे घसरलेला बाण सुटताना धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकतो.